प्रकल्प नोंदी : ड्रॉ हातात असताना थाप कधी मारावी

६ डिसेंबर २०२५

काम असं : होल्डेम पोकरमध्ये (प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, आणि बोर्डवर सगळ्यांचे सामाईक पाच : आधी तीनचा फ्लॉप, मग चौथा टर्न, शेवटचा रिव्हर) हातात ड्रॉ असेल, म्हणजे हात अजून जुळलेला नाही पण पुढच्या पत्त्यावर जुळू शकतो, तर बेट लावावी की चेक करून, म्हणजे काही न लावता, पत्ता बघावा, हे सांगणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहायची.

आमच्या टेबलावर या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांना पाठ आहे. “ड्रॉ आहे ना? मग रेट,” म्हणजे बेट लाव. चिंचोक्यांवर खेळतो, त्यामुळे कुणाचं घर बुडत नाही, पण हा नियम कुणी कधी तपासलेला नाही. मागे उभी असलेली कल्पना पक्की आहे. पोकरवर लिहिणारे डेव्हिड स्क्लान्स्की यांनी तिला सेमी-ब्लफ असं नाव दिलं : आत्ता कॉल आला, म्हणजे समोरच्याने तेवढीच रक्कम घातली, तर आपला हात बहुधा मागे आहे, पण पुढच्या पत्त्याने पुढे जाऊ शकतो, अशा हाताने मारलेली थाप. समोरच्याने पत्ते टाकले, म्हणजे डाव सोडला, तर लगेच जिंकलो, नाही टाकले तरी पत्ता लागून जिंकू शकतो. दोन्हीकडून फायदा, म्हणून रेट. मला या “म्हणून”बद्दल शंका आहे.

व्याप्ती मुद्दाम लहान : दोनच खेळाडू, टर्नवरचा निर्णय, एकाच आकाराची बेट. खऱ्या डावांच्या नोंदींवर काहीही चालवणार नाही. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला आणि ॲपवाल्यांनी पैशांची टेबलं गुंडाळली. तशीही मला ती आकडेवारी नको होती. प्रश्न गणिताचा आहे.

७ डिसेंबर

नमुन्याचा डाव ठरवला, शेवटपर्यंत हाच वापरायचा.

माझ्याकडे इस्पिक अठ्ठी आणि इस्पिक सत्ती. बोर्डवर इस्पिक राजा, इस्पिक पंजी, बदाम गुलाम, आणि टर्नला चौकट दुर्री. समोर बदाम एक्का आणि किलवर राजा, म्हणजे राजाची जोडी. पॉट (मध्ये जमलेली रक्कम) १००, दोघांकडे १०० शिल्लक, म्हणजे बेट लावली की सगळंच आत.

रिव्हरला आणखी एक इस्पिक आलं की माझा फ्लश, म्हणजे पाचही पत्ते इस्पिक, आणि तो राजाच्या जोडीला हरवतो. इस्पिकचे १३ पत्ते, त्यातले ४ दिसतात, उरले ९. दोघांचे मिळून चार आणि बोर्डचे चार वजा केले की गड्डीत ४४ पत्ते. शक्यता ९/४४, म्हणजे २०.५ टक्के. (टेबलावर बसलेल्याला समोरचे पत्ते दिसत नाहीत, त्याच्यासाठी ९/४६, १९.६ टक्के. फरक किरकोळ आहे, पण स्क्रिप्टमध्ये दोन्ही वेगळे ठेवले.)

रिकाम्या हाताने पॉटएवढी बेट लावली तर समोरच्याने निम्म्या वेळा तरी पत्ते टाकायला हवेत, तरच बरोबरी. ड्रॉ असेल तर कॉल आल्यावरही ३०० च्या पॉटमधला २०.५ टक्के वाटा माझा, म्हणजे ६१.४. घातले १०० होते, तेव्हा कॉल आला तर सरासरी तोटा ३८.६. आता २७.९ टक्के वेळा पत्ते टाकले गेले तरी पुरतं.

५० वरून २७.९. नऊ पत्त्यांनी एवढा फरक पडतो. टेबलावरचा नियम इथपर्यंत तरी भक्कम दिसतो.

१३ डिसेंबर

हेच गणित बाकीच्या ड्रॉंवर फिरवलं. स्ट्रेटमधली (ओळीने पाच पत्ते) आतली एकच फट भरायची असलेला गटशॉट, ४ आउट्स (हात जुळवणारे उरलेले पत्ते) : ४२.१ टक्के. फ्लश आणि स्ट्रेट दोन्हीची आशा असलेला, १५ आउट्सचा दांडगा ड्रॉ : शून्य. त्याला कुणी पत्ते टाकायची गरजच नाही, प्रत्येक वेळी कॉल आला तरी सरासरी २.३ चिप्स सुटतात. फ्लॉपवर दोन पत्ते यायचे असताना तर हा हात राजाच्या जोडीच्याही पुढे असतो. १५ आउट्सना दोन पत्त्यांत लागण्याची शक्यता ५४ टक्के आहे.

२.३ चिप्स सुटतात म्हणून लावावं का? हा प्रश्न उद्यासाठी.

१४ डिसेंबर

कालच्या सगळ्या आकड्यांत एक गृहीतक दडलेलं आहे : बेट लावली नाही तर मिळकत शून्य. रिकाम्या हाताला ते लागू पडतं. ड्रॉला पडत नाही.

समजा मी शेवटी बोलणारा आहे आणि समोरच्याने चेक केलं आहे. मीही चेक केलं तर रिव्हरचा पत्ता फुकट. २०.५ टक्के वेळा इस्पिक येतं आणि १०० चा पॉट माझा. म्हणजे हात खाली ठेवून गप्प बसण्याची किंमत २०.५ चिप्स आहे. बेटने शून्याला नव्हे, या २०.५ ला हरवायला हवं. असं मांडलं की लागणारं प्रमाण २७.९ वरून ४२.६ टक्क्यांवर जातं.

पुढे : इस्पिक आल्यावर मी रिव्हरला १०० लावले आणि समोरचा राजाची जोडी कवटाळून दरवेळी कॉल करणारा असेल तर? मग गप्प बसण्याची किंमत ४०.९. आणि टर्नवर बेट लावायची तर त्याने ५७.४ टक्के वेळा पत्ते टाकले पाहिजेत.

हा आकडा मी थोडा वेळ नुसता बघत बसलो. रिकाम्या हाताला ५० पुरतात आणि नऊ आउट्स असलेल्या हाताला ५७.४ लागतात. ड्रॉ असल्यामुळे थाप महाग झाली!

दांडग्या ड्रॉचं कालचं कोडंही इथेच सुटलं. २.३ चिप्स सुटतात खरं, पण फुकट पत्ता बघितला तर ३४.१ सुटतात. त्यालाही किमान ३२.६ टक्के वेळा पत्ते टाकणारा गिऱ्हाईक हवा.

उलट बाजू : मी आधी बोलणारा असेन आणि मी चेक केल्यावर समोरचा १०० लावून मोकळा होणार असेल, तर मला ३०० साठी १०० घालायला ३३.३ टक्के हवेत, आहेत २०.५. पत्ते टाकावे लागतात. तिथे गप्प बसण्याची किंमत खरोखर शून्य, आणि जुना २७.९ चा आकडा जसाच्या तसा खरा.

म्हणजे एकाच हाताला, एकाच बोर्डवर, २७.९ पासून ५७.४ पर्यंत काहीही लागू शकतं. आउट्स नऊच.

२० डिसेंबर

आजची नोंद या प्रकल्पातली मला सर्वांत आवडलेली.

कागदावर दोन गोष्टी मांडल्या. ड्रॉने बेट लावल्याची मिळकत वजा त्याच ड्रॉने चेक केल्याची. खाली तेच रिकाम्या हातासाठी. वरच्यातून खालचं वजा केलं, म्हणजे “थाप मारायचीच असेल तर ती ड्रॉने मारावी की कचऱ्याने” याचं उत्तर निघतं. (चेक करून पत्ता हुकला तर दोघांनाही शून्य धरलं आहे.) उरलं ते असं :

पत्ता लागण्याची शक्यता × [ टर्नच्या कॉलचं प्रमाण × (पॉट + दोन बेट) − (पॉट + रिव्हरच्या कॉलचं प्रमाण × बेट) ]

पत्ता लागण्याची शक्यता कंसाच्या बाहेर गेली. म्हणजे उत्तर “ड्रॉने” आहे की “कचऱ्याने” हे आउट्सवर अवलंबूनच नाही. आउट्स फक्त फरक किती मोठा ते ठरवतात. दिशा ठरते कंसात, आणि कंसात फक्त समोरच्या माणसाचा स्वभाव आहे : टर्नला किती कॉल करतो, आणि रिव्हरला इस्पिक पडल्यावर किती कॉल करतो.

कारणही सरळ आहे. इस्पिक येणार असेल त्या डावांत दोन रस्ते आहेत. बेट लावली असेल तर फक्त कॉल आला असेल तेव्हाच ते इस्पिक उपयोगी पडतं. पत्ते टाकले गेले असतील तर ते गड्डीतच राहिलं, वाया. चेक केलं असेल तर पॉट नक्की, वर रिव्हरला मिळेल ते. यातलं जास्त कोणतं, एवढाच प्रश्न.

पॉट १००, बेट १०० धरून :

समोरचा इस्पिक दिसताच घाबरून पत्ते टाकणारा असेल, तर टर्नला तो ५७.४ टक्क्यांपर्यंत कॉल करत असला तरी ड्रॉची बेट परवडते. कचऱ्याची ५० ला संपते. मधल्या पट्ट्यात फक्त ड्रॉनेच थाप मारावी. पुस्तकी सेमी-ब्लफ तो हा.

समोरचा रिव्हरला डोळे मिटून पैसे देणारा असेल, तर ड्रॉची बेट ४२.६ टक्के कॉलपर्यंतच परवडते. ४२.६ ते ५० या पट्ट्यात कचऱ्याने थाप मारावी आणि ड्रॉने गप्प बसावं. आमच्या टेबलावर एक सोडून सगळे याच जातीचे आहेत.

आणि रिव्हरला बरोबर निम्म्या वेळा कॉल करणारा असेल, तर दोघांचीही सीमा ५० वर येऊन मिळते. चार आउट्स असोत की पंधरा.

२१ डिसेंबर

कागदावरचं खरं की नाही हे सॉल्व्हरने, म्हणजे दोन्ही बाजूंचा सर्वोत्तम खेळ शोधणाऱ्या प्रोग्रामने, ताडायचं, म्हणून आधी सॉल्व्हरच ताडून घेतला. त्यासाठी गणितज्ञ हॅरल्ड कून यांचा १९५० सालचा तीन पत्त्यांचा खेळ घेतला : गुलाम, राणी, राजा, प्रत्येकी एक पत्ता, एकच बेट. पद्धत सीएफआर, म्हणजे प्रत्येक वळणावर “हे न करता ते केलं असतं तर” याचा पश्चात्ताप मोजत मोजत डाव सुधारत नेणारी. २००७ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटाने मांडली, आणि तिच्याच सुधारित रूपाने २०१५ मध्ये दोघांमधला, ठरावीक बेटचा होल्डेम जवळपास पूर्ण सोडवला. पहिल्या खेळाडूची दर डावाची सरासरी मिळकत उणे १/१८ यायला हवी; उणे ०.०५५६ च्या आसपास स्थिरावली. गुलाम थाप मारतो, राजा पैसे मागतो, राणी पहिल्याने कधीच बेट लावत नाही. ठीक.

२५ डिसेंबर

सुट्टी, म्हणून समोरच्याच्या खुर्चीत बसून पाहिलं.

त्याच्याकडे राजाची जोडी, माझ्याकडे कधी तिला मारणारा पक्का हात तर कधी थाप. त्याला कॉल आणि पत्ते टाकणं दोन्ही सारखंच वाटावं, इतक्या थापा मी मारायच्या. थापा कचऱ्याच्या असतील तर बेटमधला एक तृतीयांश हिस्सा थापांचा. नऊ आउट्सच्या ड्रॉंच्या असतील तर ४१.९ टक्के. पंधरा आउट्सच्या असतील तर ५०.६, म्हणजे पक्क्या हातांपेक्षा थापाच जास्त, आणि तरीही समोरच्याला कॉल करून काही हाती लागत नाही. त्याने थाप पकडली तरी ती थाप पुढच्या पत्त्यावर सुटू शकते, म्हणून.

गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांच्या पोकरच्या नमुन्यात थाप मारायची ती अगदी तळाच्या हातांनी, मधल्या हातांनी नाही. कूनच्या गुलामाचंही तेच. पण त्या दोन्ही खेळांत हात एकदा मिळाला की बदलत नाही. ड्रॉ हा आज तळाचा आणि उद्या वरचा असा हात, त्याला त्या रांगेत कुठे बसवायचं हे तिथे विचारलंच जात नाही.

२८ डिसेंबर

मामा आला होता. गौरीच्या जागरणाला तीन पत्ती खेळण्यात आख्ख्या आळीत त्याचा हात धरणारा कुणी नाही. त्याला स्क्रिप्ट दाखवली.

“एवढं कशाला? बघायचं कोण घाबरतो, चाल वाढवायची.”

“पण मामा, तुझ्याकडे काही नसेल आणि त्याने शो मागितला तर?”

“तर हरलो. पुढचा डाव.”

बरोबरच आहे त्याचं, त्याच्या खेळात. तीन पत्तीत वाटलेले तीन पत्ते शेवटपर्यंत तेच, पुढे काही येत नाही. थाप पकडली की पकडली. ड्रॉ नावाची वस्तूच नाही, त्यामुळे गप्प बसण्याची किंमत शून्य हे गृहीतक तिथे चोख लागू पडतं. मला वाटतं आमच्या टेबलावरचा “मग रेट” हा बाणा तिथूनच आला आहे. आम्ही सगळे तीन पत्तीतून आलेले. मामाला मात्र २० तारखेची कंसाची गंमत पटकन कळली. “म्हणजे देणारं गिऱ्हाईक असेल तर आधी आरडाओरडा करायचा नाही,” एवढं म्हणून त्याने चहा मागितला.

३ जानेवारी २०२६

एकच अपवाद म्हणून खरा डाव तपासायला घेतला, पोकरमधला बहुधा सर्वांत प्रसिद्ध. लास वेगास, वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर, २००३. शेवटचे दोघे : व्यावसायिक खेळाडू सॅम फार्हा आणि टेनेसीचा हिशेबनीस क्रिस मनीमेकर (आडनाव खरंच हेच).

मनीमेकरकडे इस्पिक राजा आणि बदाम सत्ती. फार्हाकडे इस्पिक राणी आणि बदाम नव्वी. फ्लॉप : इस्पिक नव्वी, चौकट दुर्री, इस्पिक छक्की. टर्न : इस्पिक अठ्ठी. फार्हाने बेट लावली, मनीमेकरने वाढवली, फार्हाने कॉल केला. रिव्हर बदाम तिर्री, कुणालाच काही नाही. मनीमेकर ऑल-इन, म्हणजे होतं तेवढं सगळं आत. फार्हाने बराच विचार करून नव्वीची जोडी टाकली.

याला “शतकातला ब्लफ” म्हणतात आणि सगळं लक्ष रिव्हरवर असतं. मी टर्न स्क्रिप्टमध्ये घातला. मनीमेकरला चालणारे पत्ते : उरलेली आठ इस्पिकं (नववं फार्हाकडेच), इस्पिक सोडून तीन पंज्या आणि तीन दश्श्या स्ट्रेटसाठी, आणि उरलेले तीन राजे. एकूण १७. ४४ पैकी १७, म्हणजे ३८.६ टक्के. फार्हाच्या राणीने होणारा फ्लशही त्याच्या राजाच्या फ्लशखालीच राहिला असता. त्यामुळे टर्नची वाढ ही थाप म्हणावी इतकी उघडी नव्हतीच. शिवाय तिथे समोरून बेट आलेली होती, फुकट पत्ता उपलब्धच नव्हता, त्यामुळे १४ तारखेचा अडथळाही नाही. पुस्तकी सेमी-ब्लफ. उघडी थाप होती ती फक्त रिव्हरची.

४ जानेवारी

तर रिव्हर. ड्रॉ हुकला, आता पुन्हा थाप मारायची का?

नमुन्याच्या डावावर परत. रिव्हरला किलवर छक्की आली समजा. टर्नला कॉल करून आलेल्या माणसाकडे काय काय असू शकतं, त्यात त्याचाही हुकलेला इस्पिक ड्रॉ आहे, आणि तो हात तो बेट बघताच टाकणार आहे. थाप मारताना असे हात समोर जितके जास्त तितकं बरं. माझ्याकडे एकही इस्पिक नसेल तर समोरच्याकडे दोन इस्पिक असण्याच्या जोड्या ५५. माझ्याकडे अठ्ठी-सत्ती दोन्ही इस्पिक असतील तर ३६. म्हणजे मी माझ्याच हातात पत्ते धरून समोरचे टाकाऊ हात १९ ने कमी केले! (५५ पैकी कित्येक हात कुणी टर्नपर्यंत आणणार नाही हे मान्य, दिशा तीच राहते.)

त्यापेक्षा हुकलेली स्ट्रेट बघा : बदाम राणी, चौकट दश्शी. इस्पिकच्या ५५ जोड्या शाबूत. वर राजा-राणी आणि राजा-दश्शी हे कॉल करणारे हात प्रत्येकी १२ वरून ९ वर येतात. समोरच्याचे हुकलेले राणी-दश्शीही कमी होतात, १६ चे ९, तो तोटा धरूनही हीच थाप सरस. आमच्याकडे मात्र नेमका हुकलेला फ्लशवाला सगळ्यात मोठ्याने बेट लावतो, कारण त्याला सगळ्यात जास्त चुटपुट लागलेली असते.

मनीमेकरचं इस्पिक याच्या उलट का? कारण तिथे टर्नलाच बोर्डवर तीन इस्पिक झाले होते. समोरच्याच्या हातातली दोन इस्पिकं म्हणजे हुकलेला ड्रॉ नव्हे, तयार फ्लश, टाकणार नाही असा हात. हातात इस्पिक नसतं तर असे फ्लश ४५, इस्पिक राजा हातात होता म्हणून ३६. एका बोर्डवर जो पत्ता थापेचं नुकसान करतो तोच दुसऱ्यावर तिला हात देतो. स्क्रिप्टमध्ये आता बोर्डवरची इस्पिकं मोजून मगच अधिक की उणे हे ठरतं.

१० जानेवारी

शिल्लक १०० ऐवजी ४०० ठेवून पाहिलं. मी १०० लावले, समोरच्याने ४०० चा ऑल-इन केला. मला आणखी ३०० घालायचे, शेवटी पॉट ९००, हवेत ३३.३ टक्के.

पंधरा आउट्सवाल्याकडे ३४.१ आहेत, तो कसाबसा कॉल करतो. गटशॉटवाला पत्ते टाकतो आणि जे गमावतो ते ९.१ चिप्सचंच होतं. खरी कोंडी नऊ आउट्सवाल्याची : कॉलला पुरत नाही, आणि टाकताना फुकट बघता आला असता असा २०.५ चिप्सचा पत्ता सोडावा लागतो. वाढवणारा माणूस समोर असेल तर मधलाच ड्रॉ सर्वांत नाजूक.

११ जानेवारी

स्क्रिप्ट आता प्रश्न विचारते त्यांचा क्रम बदलला. आधी : चेक केलं तर पत्ता फुकट मिळणार का? मग : पत्ता लागला तर समोरचा देणार का? मग : वाढवणारा आहे का? आउट्स सगळ्यात शेवटी.

दोनपेक्षा जास्त खेळाडूंचं काम राहिलंय. ढोबळ अंदाज काढून ठेवला : सगळ्यात सोपा २७.९ चा आकडा घेतला, आणि समोर दोघे असतील व एकमेकांकडे न बघता निर्णय घेत असतील, तर प्रत्येकाने ५२.८ टक्के वेळा पत्ते टाकायला हवेत. तिघे असतील तर ६५.३. शनिवारी आमच्याकडे टर्नपर्यंत चौघांच्या खाली कधी कुणी उरत नाही.